गिळलेलं कडवं

गावोगाव गाऊन लोकांचे लाडके झालेले आमचे हे गेले. वीस वर्षं ह्यांची गाणी स्वतःची म्हणून खपवणारा पट्टशिष्यच शोकसभेत सगळ्यांत मोठ्याने रडला. "काकू, गुरुजींसाठी मी एक गातो," म्हणाला.

"गा की. त्यासाठीच तर बोलावलंय तुला," मी म्हटलं.

गायला झकास. शेवटचं कडवं मात्र सवयीप्रमाणे गिळलं आणि हात जोडले. टाळ्यांऐवजी कागदांची सळसळ झाली. दारातच प्रत्येकाच्या हातात मी एकेक चिठ्ठी दिली होती.



गाणं रचणाऱ्याचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, नाव ज्यात येतं, ते कडवं अख्ख्या सभागृहाने त्याच्या तोंडावर तीनदा गायलं.