विहिरीकडचा तिसरा वाफा

शनिवारला माणूस मिळत नव्हता. सोमवार ते शुक्रवार कसेबसे भरले होते, पण हन्नाला सहाही वार भरून हवे होते. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी तिला तसं बजावलंच होतं. शाळेच्या मळ्यात रोज एक माजी विद्यार्थी राबायला येणार असेल तर शेतीचा विषय चालू ठेवू, नाहीतर दिवाळीनंतर तिथं लग्नाचं लॉन होईल. बाहेरचा माणूस मात्र चालणार नाही. मागे असल्याच एकाने विहिरीवरची मोटर पळवली होती.

हन्ना शेवगावजवळच्या त्या मिशनच्या शाळेत शेती शिकवायची. पोरांच्या हातात कोयत्याशिवाय दुसरं काहीतरी यावं, एवढाच तिचा हट्ट. दसरा झाला की निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायचा. रिकाम्या बाकांसमोर शिकवताना तिला रडू यायचं. मळा गेला तर उरलेल्यांना थांबवायलाही काही राहणार नव्हतं.

माजी विद्यार्थ्यांचा गट तिने शेतीचे निवृत्त शिक्षक प्रभुदास सर यांच्या नावावर जमवला. सरांची उभी हयात त्या मळ्यात गेली होती. आता काचबिंदूने दृष्टी गेली, तरी दर रविवारी उपासना सुटली की ते लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि हजेरी घ्यायचे. तोंडपाठ, आणि बापाच्या नावासकट. "डॅनी जोसेफ पवार" असा पुकारा झाला की केडगावला गॅरेज चालवणारा, पन्नाशीला टेकलेला डॅनी पोट आवरत उभा राहायचा आणि शहाण्या पोरासारखा हजर म्हणायचा. बाकीचे हसून घ्यायचे.

एका रविवारी फाटकापाशी एक माणूस बराच वेळ घुटमळत होता. हन्नाने त्याला आत बोलावलं. शाळेच्या रानात माणसं लागतात असं कानावर आलं, यंदा तोडीचा कोयता घेतला नाही, शनिवारी येत जाईन, असं तो म्हणाला. तुम्ही कुठल्या वर्षाचे, असं तिने विचारलं.

"मॅडम, मी हितं..." तो बोलता बोलता अडखळला.

सरांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. "आडनाव?"

"ढाकणे, सर."

सर खुर्चीत सरळ बसले. मग हजेरीच्या सुरात म्हणाले, "बजरंग रामहरी ढाकणे. नववी, डॅनीच्या मागे बारा वर्षं. हजर म्हणायचं असतं."

माणसाने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात चुरगळली. "हजर," तो अगदी हळू म्हणाला.

"विहिरीकडचा तिसरा वाफा," सर म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

शनिवार भरला. हन्नाला इतका आनंद झाला की तिने त्याला आणखी काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून तो सगळ्यांचा बजरंगभाऊ झाला. यायचा शनिवारी, पण तिसऱ्या वाफ्यातलं तण काढायला अधल्यामधल्या वारीही दिसायचा. कामाला वाघ होता. बियाण्याचं पाकीट मात्र पोरांपुढे धरून वाचायला लावायचा. चष्मा घरी राहिला, म्हणायचा. डॅनी त्याच्या पांढऱ्या दाढीवरून त्याला चिडवायचा, तेव्हा तोही थोडंसं हसायचा.

हन्नाला एकच गोष्ट खुपत होती. शाळेनंतर काय केलंस, लग्न झालं का, पोरं किती, हे सर प्रत्येकाला खोदून खोदून विचारायचे. बजरंगभाऊला त्यांनी काहीच विचारलं नाही. नववीत शाळा अर्धी टाकून तोडीला गेला, याचा राग सरांनी अजून धरलाय, असं तिला वाटायचं. एवढ्या राबणाऱ्या माणसावर इतक्या वर्षांनी कसला रुसवा, म्हणून तिला सरांचाच राग यायचा.

दिवाळीच्या तोंडावर आबासाहेब गाडी घेऊन आले. त्यांच्यासमोर सरांनी हजेरी घेतली. सहा नावं, सहा हजर. आबासाहेब शेवटच्यापाशी थांबले.

"ह्याचं वय जास्त दिसतंय."

डॅनीनेच सावरून घेतलं. चाळिशीच्या आत ऊसतोडीने माणसाचं चिपाड होतं साहेब, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून कुणी हसलं नाही.

"काय शिकलास रे हितं?" आबासाहेबांनी विचारलं.

बजरंगभाऊ वाफ्याकडे बघत राहिला. हन्नाला वाटलं, मळा गेला.

"मेथी फेकून द्यायची न्हाई," तो शेवटी म्हणाला. "वळीनं टाकायची, मंजी खुरपायला येती. रोज घरी आल्यावर आईला सांगनं व्हायचं. चुलीम्होरं राखंत वळी वढून दावनं व्हायचं. लई नाद हुता."

त्याने तोंड फिरवलं. आबासाहेबांना पुढे काही विचारवलं नाही. चालू द्या या वर्षी, असं पुटपुटत ते गाडीत बसले. डॅनी चहा सांगायला पळाला, बाकीचे त्याच्यामागे गेले. हन्नाने रुमालाने डोळे टिपले.

गाडी लांब गेल्यावर सर उठले. तिने हात धरून त्यांना तिसऱ्या वाफ्यापाशी नेलं. बजरंगभाऊ तिथे उकिडवा बसला होता. सरांनी वाकून मेथीच्या ओळी बोटांनी चाचपल्या. मग चाचपडतच त्याचा खांदा शोधला.

"वाफा चांगला राखलात, रामहरीभाऊ," ते म्हणाले. "बजरंग उसाच्या ट्रॉलीखाली गेला, त्या दिवशी मी कारखान्यावर आलो होतो. तुम्ही त्याला हाका मारत होतात. तो आवाज अजून कानात आहे."