खडूची फुली

हे लिहायचं नाही असंच हरीशनं ठरवलं होतं. मोबाइलवर तीनदा टाइप करून पुसलं, कारण या गोष्टीत तो नुसता जळतोय.

फर्निचर करून घेणाऱ्या एका मॅडमकडे डेन्मार्कच्या एका आर्किटेक्टनं डिझाइन केलेली सागवानी आरामखुर्ची होती. तशीच दुसरी हरीशच्या दोस्तानं, उम्यानं घडवली. दोघं एकाच मिस्त्रीकडे सुतारकाम शिकलेले, पण काम मिळालं उम्याला. आणि ते पारखायला बोलावलं हरीशला! "तुम्हालाही फरक कळला नाही, तर आणखी बारा खुर्च्या यांच्याकडूनच," मॅडम म्हणाल्या.

हरीशनं दोन्हींवरून हात फिरवला. लोण्यासारखं काम. त्याचा जळफळाट झाला. मग त्यानं खुर्च्या उलट्या केल्या. एकीच्या पायाशी खडूची फुली होती. कुठला पाय कुठं बसवायचा, यासाठी मिस्त्रीनं दोघांना शिकवलेली खूण. गाढव पुसायला विसरला होता! उम्याचा चेहरा पांढराफटक पडला.

पण फुली नसती तर कुठली कुणाची, ते हरीशला खरंच कळलं नसतं. त्यानं अंगठा फिरवून फुली पुसून टाकली. "नाही कळत, मॅडम."

जिन्यात उम्यानं त्याला मिठीच मारली.

"लाडात येऊ नको. आता मीही एक खुर्ची करणार, आणि तुझी तिच्यापुढं स्टूल वाटेल. शब्द देतो, उम्या."