दोन तांबड्या रिबनी

हायब्रीड ज्वारीवर फवारायचं औषध केम गावच्या वच्छलानं काठीऐवजी हातानंच ढवळलं आणि ती बेशुद्ध पडली. सोलापूरच्या दवाखान्यात इंजेक्शनांनी जीव वाचला, पण ती खाटेच्या कडेशी हवेतच वेणी घालत होती. “हलू नगंस, बाय. अवो, रिबन द्या की!” तिचा नवरा कुंडलिक शहारला. लेक वर्षापूर्वीच तापानं गेलेली. डॉक्टर म्हणाले, “मेंदूच्या पेशी ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनानं एकमेकींना निरोप देतात. विषानं ते निरोप थांबेनात, म्हणून इंजेक्शनांनी अडवले. जरा जास्तच अडले. पेशींतली विजेची लय विस्कटून नसलेलं दिसतंय. उतरेल.” “व्हय,” म्हणत कुंडलिक नव्या पेठेत गेला, दोन तांबड्या रिबनी घेऊन आला. तोवर भ्रम उतरला होता. वच्छलानं त्याला ओळखलं, विचारलं, “ह्या कुणाला वं?” कुंडलिकनं मूठ मिटली. खाटेची ती कड मोकळी सोडून तो फरशीवर बसला.