हप्त्याची झोप

जेवण झालं की अच्युतराव गोडांबे डाव्या कुशीवर लवंडायचे आणि उशाशी ठेवलेली पट्टी कपाळाला लावायचे. पट्टी लावली की क्षणात गाढ झोप. ही झोप कोरांबा देशातून यायची. आपल्या सरकारने कर्ज देऊन तिथे महामार्ग बांधला होता, आणि तिथल्या तिजोरीत खडखडाट झाल्यापासून तिथली माणसं हप्ता पैशांऐवजी आपली झोप देऊन फेडत होती. अच्युतराव त्या महामार्गाचे निवृत्त इंजिनिअर, म्हणून त्यांना ती फुकट.

आज पट्टी लावणार, एवढ्यात मृण्मयीचा फोन आला. त्यांची ही मुलगी त्याच महामार्गाच्या पाहणीला गेली होती.

“बाबा, रस्ता झकास केलाय तुम्ही! पण आमचा ड्रायव्हर सारखा पेंगतोय. इथे सगळेच पेंगतात. मी पोचेपर्यंत तुमची वामकुक्षी राहू द्या ना.”

“तुझं आपलं काहीतरीच!” ते हसले. “माझ्या एका डुलकीने कोण मरतंय? त्याला म्हणावं, तोंडावर पाणी मार.”

जाग आली तेव्हा त्यांची बायको सुलभा फोन छातीशी धरून जमिनीवर बसली होती.

“गाडी कठडा तोडून खाली गेली हो. पोरीत धुगधुगी आहे म्हणतात. अँब्युलन्स त्याच रस्त्याने निघालीये, पण दवाखाना दोन तासांवर आहे. तोवर काय करायचं आपण?”

तोवर जरा पडावं म्हणून अच्युतरावांनी पट्टी पुन्हा कपाळाला लावली.