एका गाडीमागे एक सूचना

“एका गाडीमागे एकच सूचना,” मांडीवरचा लॅपटॉप उघडत मॅक्सीनने बजावलं. “नवराबायकोची मिळून एक. मागच्या वर्षीसारखा गोंधळ नको.”

मागच्या वर्षी क्लेटन आणि व्हर्ना फ्रीझन यांनी वेगवेगळ्या दोन दिल्या होत्या आणि मॅक्सीनने दोन्ही बाद केल्या होत्या. ‘चाकांवरची माणसं’ ही वेबसाइट तिची. चूल-पलंग गाडीतच घेऊन भटकणारे लोक तिथे एकमेकांना रस्ते सांगत, पाण्याचे नळ सांगत, आणि वेळ उरला की भांडत. जूनमध्ये त्यातले काही कॅनडात, मॅनिटोबातल्या या तळ्याकाठी जमायचे. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, आणि जेवणं आटोपली की वेबसाइटवर नवं काय हवं ते सांगायचं. त्यातलं जमेल तेवढं मॅक्सीन हिवाळ्यात घरी बसून करायची, तेही फुकट. त्यामुळे तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

क्लेटनची सूचना ठरलेली होती: नकाशावर प्रत्येक पुलाची उंची दिसली पाहिजे. ऑन्टारियोतल्या एका रेल्वेपुलाखाली त्याने गाडीचा टप खरवडून घेतला होता, तेव्हापासून जगातल्या सगळ्या पुलांशी त्याचं वैर होतं. व्हर्नाला भलतंच काही हवं होतं. ते काय, हे तिने सकाळी सॅलडचे बटाटे सोलताना त्याला सांगितलं, आणि तेव्हापासून स्वारीने तिच्याशी अबोला धरला होता.

कारण ते सांगायचं तर दुसरीही गोष्ट सांगावी लागणार होती. या उन्हाळ्यानंतर गाडी हाकायची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरने क्लेटनला बजावलं होतं. व्हर्नाला ते धूड चालवता येत नव्हतं. सप्टेंबरात गाडी विकायची, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. पण इथे त्याची वाच्यता करायची नाही, हे क्लेटनने एकट्यानेच ठरवलं होतं. ज्यांच्याबरोबर आयुष्याची उतरण इतक्या मजेत गेली, त्यांनी आपली कीव केलेली त्याला सोसली नसती. गुपचूप नाहीसं व्हायचं, असा त्याचा बेत होता.

सूचना सुरू झाल्या. कुणाला मुक्कामाच्या तळांवरच्या संडासांना तारे द्यायचे होते. कुणी म्हणालं, बढाया मारणाऱ्यांचं लिखाण झाकून ठेवायची सोय हवी, तेव्हा सगळ्यांनी ओहायोच्या डेल हचिन्सकडे पाहिलं. डेलने सॉसेजचा आणखी एक तुकडा घेतला.

“फ्रीझन?”

“पुलांची उंची,” क्लेटन म्हणाला.

मॅक्सीन टाइप करू लागली. व्हर्ना पदराशी खेळावं तशी स्वेटरच्या टोकाशी चाळा करत बसली होती. मग तिने ते सोडून दिलं.

“थांब, मॅक्सीन. आमची सूचना ती नाही.”

क्लेटन तळ्याकडे बघू लागला. व्हर्ना सांगत गेली. नकाशावर तळ दिसतात, पेट्रोलपंप दिसतात, थांबलेली माणसं मात्र दिसत नाहीत. आपल्या गस एबेरने गाडी विकली, मग त्याचं लिहिणंही बंद झालं. त्याच्या गावावरून आपण सगळे जातो आणि एकही जण थांबत नाही, कारण तो नेमका कुठे राहतो तेच कुणाला ठाऊक नाही.

“ज्यांची गाडी थांबली पण अंगण आहे, त्यांची घरं नकाशावर दिसू देत,” ती म्हणाली. “गाडी लावायला जागा आहे, विजेची वायर अंगणापर्यंत येते. सूप तर रोजच होतं.”

मॅक्सीनचे हात थांबले. “कुणाची गाडी थांबली, व्हर्ना?”

 ते व्हर्नाने सांगण्यासारखं नव्हतंच. ते क्लेटनने सांगायचं होतं. तिने फक्त त्याच्या मानेवर बसलेला डास हलकेच हाकलला.



“आमची,” क्लेटन तळ्याकडे बघतच म्हणाला. “सप्टेंबरात.”

त्याला वाटलं होतं, आता कुणीतरी खांद्यावर हात ठेवणार, आणि त्याने खांदे आवळूनही घेतले. पण डेल हचिन्सने सॉसेज चघळत विचारलं, की अंगण केवढं आहे, माझी गाडी वळेल का. वळेल, व्हर्ना म्हणाली. मग आमचीही वळेल, असं दुसरं कुणी म्हणालं, आणि ऑक्टोबरात दक्षिणेकडे जाताना कोण आधी येणार यावरून टेबलाच्या त्या टोकाला वाद सुरू झाला.

मॅक्सीनने नाक पुसलं आणि पुन्हा लॅपटॉप ओढला. नकाशावर तुमच्या घरापुढे काय काय लिहायचं, तिने विचारलं. व्हर्नाने सांगितलं: वीज, पाणी, सूप, आणि उशीर झाला तरी दार वाजवा.

“उंची लिही,” क्लेटन म्हणाला.

“पुलाची सूचना गेली, क्लेटन. एका गाडीमागे एकच.”

“पुलाची कोण म्हणतंय?” आता तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. “आमच्या अंगणात शिरताना मेपलची फांदी खाली आलीय. सध्या अकरा फूट लिही. तुम्ही यायच्या आत तोडतो. शिडी व्हर्ना धरेल.”