भवानी पेठेतलं डोंगरी निळं

रावसाहेबांनी काचेवरूनच पेटीतल्या एका चिठ्ठीवर बोट टेकवलं आणि ते मोठ्यानं हसले. प्रदर्शनाचे परीक्षकच हसले म्हटल्यावर हेडमास्तर हसले, आणि त्यांच्यामागून हायस्कुलाचा सगळा हॉल हसला. चन्नवीर मास्तर तेवढे हसले नाहीत. पेटी त्यांची होती.

पेटीत नखाएवढी निळी फुलपाखरं टाचून ठेवलेली होती. त्यांच्यापायी मास्तर सोलापूरच्या रखरखाटात वर्षानुवर्षं जाळी घेऊन हिंडले होते, उन्हानं काळे पडले होते. बायकोची बोलणी खाऊन त्यांनी ती जातवार लावली होती, आणि कुठली जात कुठं सापडली ते प्रत्येकीखाली लिहिलं होतं. रावसाहेबांचं बोट होतं त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'डोंगरी निळं. भवानी पेठ, सोलापूर.'

रावसाहेबांचा जन्म जंगलखात्यात गेला होता. वाघापासून फुलपाखरापर्यंत डोंगरातलं सगळं आपल्याच मालकीचं, हा तोरा पेन्शनीत निघाल्यावरही उतरला नव्हता. त्यांनी जमलेल्या मंडळींना समजावून सांगितलं, की मैदानातलं निळं आणि डोंगरातलं निळं यांच्या पंखांखालचे ठिपके अगदी सारखे. फरक फक्त रंगाचा. मैदानातलं फिकट, डोंगरातलं गडद, आणि ते गडद निळं महाबळेश्वरच्या खाली कधी उतरलेलं नाही. तेव्हा मास्तरांनी एक तर ते तिकडून आणलं असणार, नाही तर इथलंच फिकट घेऊन त्याचं काहीतरी केलं असणार.

"भवानी पेठेत रंगारी पुष्कळ आहेत म्हणे," रावसाहेब म्हणाले.

पुन्हा हशा पिकला. हेडमास्तरांनी मास्तरांना बाजूला ओढून कानात सांगितलं, महाबळेश्वर लिहून टाका, पहिलं पदक शाळेला मिळतं, कुणाच्या बापाचं काय जातंय. मास्तरांना पदक नको होतं असं मुळीच नाही. चांगलं हवं होतं. पण ते एक गाव खोडलं की आपण खोटे ठरलो, आणि पेटीतली बाकीची सगळी गावंही आपल्याबरोबर खोटी ठरली, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी सांगितलं, सुंदरम्माच्या भट्टीमागं मोरीच्या ओलीवर हे बसलं होतं, तिथं मी ते धरलं, चिठ्ठी बदलणार नाही.

सुंदरम्मा हॉलमध्येच होती. भवानी पेठेत सूत रंगवायची तिची भट्टी होती, आणि आपल्या परसातलं काहीतरी हायस्कुलात मांडलंय हे ऐकून ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. आता मात्र तिचं तोंड उतरलं होतं.

रंग वरून लावलाय का ते बघायला रावसाहेबांनी प्रयोगशाळेतून स्पिरिट मागवलं. मास्तरांनी स्वतःच्या हातानं पेटीची काच उघडून दिली. कापसाच्या बोळ्यातून एक थेंब पंखावर पडला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळा रंग गेला. खाली उरला तो मळका तपकिरी.

क्षणभर मास्तरांना स्वतःचीच शंका आली. मोरीतलं रंगीत पाणी तर पंखांना लागलं नसेल? हेडमास्तर घाईघाईनं चिठ्ठी काढायला पुढं झाले, तेव्हा मास्तर पेटीच्या आडवे उभे राहिले.

"हात लावू नका," ते म्हणाले. "रंग राहो नाही तर जावो, मी हे सोलापुरातच धरलंय."

"आन् आमचा रंग असा थेंबानं जात न्हाय, रावसाहेब," मागून सुंदरम्मा म्हणाली. "लुगडं फाटतंय, पर रंग तसाच ऱ्हातोय की. गेला तर त्यो आमचा न्हाईच."

तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. जो तो मास्तरांकडं बघत होता, आणि मास्तर पेटीकडं. स्पिरिट उडत होतं. पंखाच्या कडेला आधी हिरवट झाक आली, मग ती निळसर झाली, आणि बघता बघता पंख पहिल्याइतका गडद निळा होऊन बसला. असं काही होईल हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं.

रावसाहेबांनी पुन्हा थेंब टाकला. रंग पुन्हा गेला आणि पुन्हा आला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि लावलेला रंग धुतला की परत येत नाही, तेव्हा हा रंग खरा, असं सगळ्यांसमोर मान्य केलं. मास्तरांनी सुस्कारा सोडला, पण जरा लवकरच सोडला.

"रंग खरा, म्हणजे फुलपाखरू डोंगरातलंच," रावसाहेब म्हणाले. "म्हणजे तुम्ही ते महाबळेश्वराहूनच आणलंत."

मास्तरांनी सांगितलं, की आपण उभ्या जन्मात महाबळेश्वर पाहिलेलं नाही, घाट लागला की आपल्याला उलट्या होतात. रावसाहेब ऐकायला तयार नव्हते. चिठ्ठीवर महाबळेश्वर पडेल तर पहिलं पदक, नाही तर पेटी बाद, असं म्हणून त्यांनी पेन्सिल सरसावली. हेडमास्तर मागून मास्तरांच्या कोटाची बाही ओढू लागले. मास्तरांनी बाही सोडवून घेतली.

"या फुलपाखरांत निळा असतो तो नर, रावसाहेब," ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हा तुमच्या डोंगराचा पोरगा, कबूल. पण तो सोलापुरात घरजावई झालाय. पदक कुणाला द्यायचं त्याला द्या. आम्ही जावई परत धाडत नाही."