चालणारी साक्ष

राणी गादीवर आली आणि धर्मशास्त्र्यांना पुन्हा चांगले दिवस आले. आधीच्या राजाने शप्पीराच्या वडिलांना क्रूसावर खिळलं, तेव्हा जेरुसलेम सोडून पळालेला त्यांचा शिष्य हनन्या आता न्यायसभेत बसू लागला होता. आज तो तिच्या अंगणात आला.

“ताई, अब्बांना पकडून देणारा पिन्हासच. एक साक्षीदार मिळालाय, दुसरा हवा. त्याने शिपायांना घर दाखवलं, त्या दिवशी तू दारातच होतीस. ‘पिन्हासला पाहिलं’ एवढं म्हण, त्याला उद्याच दगडांखाली घालतो.”

बारा वर्षं शप्पीराच्याही मनात पिन्हासचंच नाव होतं. तिने जातं थांबवलं.

“बाईची साक्ष चालत नाही, हे अब्बांनी तुम्हा शिष्यांकडून घोकून घेतलं होतं ना? दाराआडून माझंही पाठ झालंय.”

“आता राज्यच बाईचं आहे, ताई. तुझी एक चालवून घेऊ.”

“भर सभेत?”

“भर सभेत. लेखनिक शब्द न् शब्द उतरवून घेईल.”

“मग चल,” हाताचं पीठ झटकत ती उठली. “घर दाखवणारा माणूस पाठमोरा होता, चेहरा मला दिसला नाही. लिहून घ्या म्हणावं.”